पावसाळी वर्गात उत्तरं कशी मिळवली

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात जुलै उजाडला की नेटवर्क येतं-जातं. मोबाईलवरची लाइव्ह क्विझ निम्म्यांच्या स्क्रीनवर नुसती गोल फिरत राहते. बाकीच्यांचा डेटा एसटीतच संपलेला. तोंडी विचारलं तर पहिला बाक बोलणार, मागचे वहीत डोकं घालणार.

उपाय म्हणून प्लिकर्स हे कार्डांवरून उत्तरं टिपणारं ॲप आणलं. प्रत्येकाला वेगळ्या नक्षीचं छापील कार्ड द्यायचं. ते कोणत्या बाजूने वर धरलंय त्यावर ए, बी, सी की डी हे ठरतं. शिक्षकाने स्वतःचा फोन वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं जमा. नेट लागतं ते फक्त त्या एका फोनला. अक्षरं कडेला अगदी बारीक असतात आणि नक्षी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे शेजाऱ्याची नक्कल जमत नाही. कार्डं जाड कागदावर छापा, आपल्या दमट हवेत साधा कागद पापडासारखा लोळागोळा होतो. लॅमिनेशन चकचकीत नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चुकतो.

खारफुटीच्या तासाला विचारलं, चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळं कोणाची? तिवर आणि कांदळ यांत वर्ग दुभंगला. उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालायला लावलं आणि पुन्हा स्कॅन केलं. ही पद्धत हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवली. खाडीकाठच्या मुलींनी बाकीच्यांना तिवरावर आणून सोडलं, त्याही मागच्या बाकावरून!

घरच्या सरावाला मूडल या ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठाचं ॲप आहे. क्विझच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन परवानगी द्या, वेळमर्यादा मात्र काढावी लागते.