कॅरमच्या तीन बाजूंना एकच खेळाडू : फोटो काढण्याआधीची तयारी

मध्ये कॅरम बोर्ड आणि डावीकडे, उजवीकडे, समोर अशा तिन्ही बाजूंना एकच मुलगी. एक नेम धरून बसलीय, दुसरी गालातल्या गालात हसतेय, तिसरीने वैतागून कपाळाला हात लावलाय. असा फोटो करायला गिंप किंवा फोटोशॉपमधलं एकच काम यावं लागतं : लेयर, म्हणजे फोटोंचे थर, एकावर एक ठेवून नको तो भाग मास्कने, म्हणजे थराचा हवा तो भाग लपवणाऱ्या पडद्याने, झाकायचा. ते अर्ध्या तासात जमतं. फोटो बिघडतो तो बहुधा त्याच्या आधीच, बोर्डाभोवती. म्हणून या यादीतलं निम्म्याहून जास्त काम खोलीतलं आहे.

काचेच्या प्लेटवर फोटो निघत तेव्हाही ही गंमत चालायची. भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून एकदा, मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला धरून त्याच प्लेटवर पुन्हा एकदा. मधली रेघ चुकली की प्लेट वाया. आता रेघ हवी तितक्या वेळा सुधारता येते. हललेला कॅमेरा आणि बदललेला उजेड मात्र अजूनही तितकाच छळतो.

पहिल्या खेपेला चारऐवजी तीनच खेळाडू ठरवा आणि चौथी बाजू कॅमेऱ्याला द्या. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला खेळाडू निम्मा बोर्ड झाकतो आणि त्याच्या केसांमागे बाकीच्यांचे हात येतात. केसांच्या कडेने मास्क करणं हे या कामातलं सगळ्यात किचकट प्रकरण, ते पुढच्या वेळी.

कॅमेरा बोर्डापासून दोन-सव्वादोन मीटरवर आणि जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच ठेवून किंचित खाली कलवा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतक्याच उंचीवर ठेवला तर बोर्ड नुसती पट्टी दिसते आणि डाव्या-उजव्याचे हात समोरच्याच्या छातीवर येतात. फोनची नेहमीची, म्हणजे १एक्स लेन्स वापरा. अल्ट्रावाइडने कडेचे चेहरे ताणले जातात आणि मुलगी एकच असूनही डावीकडची वेगळी दिसते. चारही बाजूंना थोडी जास्तीची जागा सोडा, लेयर जुळवताना कडा कापाव्या लागतात.

ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर खडूने खुणा करा. तीनदा बसायचं, मध्ये दोनदा कपडे बदलायचे, म्हणजे ये-जा खूप, आणि पायाला पाय लागतोच. खूण असली की निदान लागल्याचं कळतं. फोन असेल तर क्लॅम्प घट्ट आवळा, चार्जरची वायर काढा आणि एअरप्लेन मोड लावा. मधेच आलेल्या कॉलच्या व्हायब्रेशननेही फोन क्लॅम्पमध्ये सरकतो. बटण बोटाने दाबायचं तर तीन सेकंदांचा टायमर हवाच, ब्लूटूथ रिमोट असला तर उत्तम. मोठ्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे सावरण्याची सोय, ट्रायपॉडवर बंद ठेवा.

आता सेटिंग. नियम एकच : एकदा ठरलेलं काहीही शेवटचा फोटो निघेपर्यंत बदलायचं नाही. ऑटोवर ठेवलेला फोन पांढरा शर्ट दिसला की भिंत काळवंडवतो आणि काळा शर्ट दिसला की उजळवतो. मग तीन लेयरच्या तीन भिंती होतात. प्रो मोडमध्ये जा, तिथे सेटिंग हाताने ठरवता येतात. ट्यूबलाइटच्या खोलीत फोनला शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४०० पासून सुरुवात करा. मोठ्या कॅमेऱ्याला एफ/५.६ (भिंगाचं तोंड किती उघडं), १/२५ सेकंद, आयएसओ १६०० च्या आसपास. हे आकडे असेच का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ असलं की प्रत्येक फोटोत लुकलुकण्याची पूर्ण आवर्तनं येतात. १/२०० वर गेलात तर एक फोटो उजळ, दुसरा मंद, तिसऱ्यात आडवे पट्टे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी १/६० किंवा १/३० घ्यावं, तिथली वीज ६० हर्ट्झची.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, आकड्यावर बांधून टाका. पांढऱ्या एलईडी ट्यूबला ६००० ते ६५०० केल्व्हिन चालतं. फोकस बोर्डाच्या मध्यावर धरून लॉक करा आणि तिन्ही जागा पुरेशा स्पष्ट दिसतात का ते झूम करून बघा. एचडीआर, नाइट मोड, पोर्ट्रेट आणि ब्यूटी, सगळं बंद. नाइट मोड अनेक फोटो जोडून एक बनवतो आणि त्यात चौकट जराशी बदलते, म्हणजे ट्रायपॉड असून नसल्यासारखा. आयफोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात प्रो मोड नाही. तिथे स्क्रीनवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर आणि फोकस लॉक होतात, तेवढ्यावर बऱ्यापैकी भागतं.

उजेड रात्रीचाच बरा. दिवसा करायचं तर खिडक्यांना जाड पडदे लावा. एक ढग सरकला की मधला फोटो वेगळाच येतो. पंखा बंद, कितीही उकडत असलं तरी. केस उडतात, भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, आणि दिवा पंख्याच्या वर असला तर पात्यांची सावली फिरत राहते. दिवा कुठे आहे यावर मात्र फोटोचं खरं-खोटं ठरतं. ट्यूब डाव्या भिंतीवर असली तर डावीकडच्या खेळाडूची सावली बोर्ड ओलांडून उजवीकडे जाते. ती सावली मास्कमध्ये घ्यावी, तर उजवीकडच्या खेळाडूच्या अंगावर कुठे पडणार? ती बसली तेव्हा डावी जागा रिकामी होती, अंगावर सावली नव्हतीच. म्हणून कॅरम मंडळात बोर्डाच्या बरोबर मध्यावर टांगलेला दिवा असतो तसा दिवा टांगा. सावल्या कोपराखाली, हनुवटीखाली आखूड राहतात आणि एकमेकींत मिसळत नाहीत. वायर हलणार नाही अशी बांधा, दिवा झुलला की सगळ्याच सावल्या झुलतात.

बोर्डाकडे या. स्टँडवर असो की स्टुलावर, कोपर टेकलं की बोर्ड मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो आणि मग मास्कच्या कडेवर काळ्या रेषा तुटलेल्या दिसतात. स्टँडच्या दांड्यांवर रबरी चटईचे तुकडे ठेवा, बोर्ड त्यावर. खेळाडूला सांगून ठेवा की हात ठेवल्यासारखा करायचा, भार द्यायचा नाही. सोंगट्या मोजून मांडा : ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि राणी. प्रत्येकीखाली दुहेरी चिकटपट्टीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा लावला की बाहीने सोंगटी ढकलली जात नाही. बोरिक पावडर टाकूच नका. ती टाकल्याशिवाय कॅरम वाटत नाही हे खरं, पण प्रत्येक हाताने पावडरीत नवे फराटे उमटतात आणि ते मास्कच्या रेषेवर येऊन एकदम संपतात. सगळ्यात आधी नजरेला तेच खुपतं.

पॉलिश केलेला बोर्ड आरशाचं काम करतो. समोर बसलेल्या मुलीचं प्रतिबिंब बोर्डावर पुसट उतरतं, लाल शर्ट असेल तर लालसर झाकही येते. खेळाडू घ्यायची तर तिचं प्रतिबिंबही घ्यावं लागतं, नाहीतर ती कापून चिकटवलेली वाटते. म्हणून तिघींचे हात एकमेकींपासून निदान चार बोटं लांब राहतील आणि समोरचीच्या प्रतिबिंबाच्या जागेत दुसरीचा हात येणार नाही अशा पोझ आधीच ठरवा. मास्कची कड नुसत्या लाकडावरून गेली की काम दहा मिनिटांचं. बाहीवरून गेली की तासाचं.

नजरेसाठी खुणा लागतात. रिकाम्या स्टुलाकडे बघताना माणूस नेमका स्टूलच बघतो, म्हणजे दुसरीच्या पोटाकडे. खेळाडूला एकदा बसवून तिचे डोळे किती उंचीवर येतात ते मोजा आणि प्रत्येक रिकाम्या जागी तितक्या उंचीवर काहीतरी उभं करा. स्टुलावर ठेवलेला डबा, त्यावर बाटली. मास्कमध्ये ते झाकलं जाणारच आहे. एक गोष्ट हमखास विसरते : कॅरममध्ये एका वेळी बोर्डावर स्ट्रायकर एकच असतो. तो कुणाच्या हातात हे आधी ठरवा, बाकी दोघींचे हात रिकामे.

फोटोंचा क्रम असा. आधी माणूस, डबे, बाटल्या काहीही नसलेली रिकामी चौकट. मग समोरची जागा, डावी, उजवी, प्रत्येकीचे पाच-सहा फोटो. शेवटी पुन्हा रिकामी चौकट. एकूण १७ ते २० फोटो. पहिली रिकामी चौकट सगळ्याच्या तळाशी जाते. शेवटची केवळ तपासणीसाठी : दोन्ही रिकाम्या चौकटी फोनवरच पुढे-मागे करून बघा. चित्र उडी मारत असेल तर मधे कुठेतरी धक्का लागलाय. दिवे अजून चालू आहेत, खेळाडू अजून जागेवर आहे, तेव्हाच पुन्हा काढा.

फोटो केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला तर त्याचा आकार कमी होतो. चार निवडा आणि क्रमांक लावून नावं द्या. १२ मेगापिक्सेलचा एक लेयर ८ बिटला मेमरीत साधारण ४८ एमबी घेतो, तेव्हा ८ जीबीच्या मशीनवर अडचण नाही. ५० मेगापिक्सेलवर काढलेत तर तोच लेयर २०० एमबीचा होतो आणि जुना लॅपटॉप कुरकुरतो. गिंप फुकट आहे. इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमधलं फोटोपीआ पुरतं.

गिंपमध्ये फाइल मेन्यूतून ‘ओपन अ‍ॅज लेयर्स’ने चारही फोटो एकदम उघडा. रिकामी चौकट तळाशी. वरच्या एकेका लेयरचा मोड ‘डिफरन्स’ (दोन लेयरमधला फरक दाखवणारा) करून तो तळाच्या लेयरशी ताडून बघा, बाकीच्या लेयरपुढची डोळ्याची खूण बंद ठेवून. जुळलं असेल तिथे काळं दिसतं. भिंतीच्या आणि बोर्डाच्या कडा उजळ रेघांनी चमकल्या तर लेयर सरकलाय. मूव्ह टूल घेऊन बाणांच्या कळांनी एकेक पिक्सेल हलवा. एका कोपऱ्यात जुळतं आणि दुसऱ्यात सुटतं असं झालं तर कॅमेरा फिरलाय. त्याच जागेचा दुसरा फोटो घेऊन बघा. फोटोशॉपमध्ये ‘ऑटो-अलाइन लेयर्स’ हे काम करतं. मोड परत ‘नॉर्मल’ करायला विसरू नका.

मग तिन्ही लेयरना काळा मास्क द्या, खेळाडू गायब होतील. पांढऱ्या ब्रशने एकेकीला परत आणा. ब्रशची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १००, आकार २०० ते ३०० पिक्सेल, कड मऊ. आधी अंग, मग कोपराखालची सावली, मग बोर्डावरचं प्रतिबिंब. जास्त रंगवलं तर एक्स कळ दाबून काळ्याने मागे घ्या. पांढरा रंग थेट फोटोवरच उमटला तर लेयरच्या यादीत मास्कऐवजी चित्राचा थंबनेल (छोटं चित्र) निवडलेला आहे. अनडू करा, मास्कवर क्लिक करा. खेळाडूच्या खांद्यातून भिंत पुसट दिसते तेव्हा ब्रशचा मऊ काठ खांद्यावर आलेला असतो, तिथून पुन्हा एक हात फिरवा.

भिंतीवर तरीही डाग दिसला तर कलर पिकरने दोन लेयरवर भिंतीची तीच जागा तपासा, ‘सॅम्पल अ‍ॅव्हरेज’ चालू ठेवून. रंगाच्या आकड्यांत दोन-तीनचा फरक कळत नाही. आठ-दहाचा कळतो, तो लेयर उजेड कमी-जास्त करणाऱ्या ‘कर्व्ह्ज’ने तेवढाच वर-खाली करा. हे करताना मास्क नव्हे, चित्र निवडलेलं हवं.

कडा कापून ‘सेव्ह’ने एक्ससीएफ (गिंपची लेयरसकट) फाइल ठेवा, जेपीईजी ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’मधून ९० क्वालिटीवर काढा. पाठवण्याआधी बोर्डावरच्या सोंगट्या मोजा. १९ हव्यात. आणि स्ट्रायकर एक.