‘बरं आहे’ म्हणू नका: सायनस, दमा आणि व्हीएचा क्लेम

व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांसाठीचं खातं. फौजेतल्या नोकरीमुळे जडलेल्या आजाराच्या भरपाईचा क्लेम केला की ते तपासणीला बोलावतं. तिथे तपासणी करणाऱ्या बाईंनी विचारलं, “हाऊ आर यू टुडे?” आणि मी म्हणालो, “गुड, गुड.” लहानपणापासूनची सवय. अंगात ताप असला तरी दारात आलेल्याला ‘बरं आहे’च सांगायचं. त्यात त्या दिवशी माझं नाकही नेमकं मोकळं. तेच रिपोर्टात उतरलं आणि सायनसला अपंगत्वाचे शून्य टक्के लागले. या टक्क्यांवरच भरपाई ठरते. बाईंची काही चूक नव्हती, त्यांनी ऐकलं ते लिहिलं.

अमेरिकन फौजेतून बाहेर पडलेले मराठी लोक थोडेच, पण वर्षाकाठी दोघंतिघं तरी मला याबद्दल फोन करतात. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

मी आर्मीत ट्रक चालवायचो. २००७-०८ मध्ये इराकमध्ये बलादच्या तळावर होतो. तिथला बर्न पिट, म्हणजे उघड्यावर कचरा जाळायचा खड्डा, जवळपास दहा एकरांचा. प्लास्टिक, थर्माकोल, टायर, दवाखान्याचा कचरा, सगळं त्यात जायचं आणि वर विमानाचं इंधन, जेपी-८, ओतून पेटवलं जायचं. वारा आमच्या बाजूला फिरला की सकाळी नाक शिंकरल्यावर रुमालावर काळं दिसायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. सिक कॉलला, म्हणजे तळावरच्या डॉक्टरांना दाखवायला, गेलो तो एकदाच, त्यामुळे फौजेच्या मेडिकल रेकॉर्डमध्ये माझ्या नाकाबद्दल एकच ओळ आहे.

पूर्वी अशा माणसाचा क्लेम तिथेच अडकायचा. आजचं निदान, नोकरीत घडलेली गोष्ट आणि दोन्हींना जोडणारं डॉक्टरचं मत, म्हणजे नेक्सस, या तिन्ही गोष्टी आपल्याला दाखवाव्या लागत. १० ऑगस्ट २०२२ ला, नोकरीत विषारी धुराच्या संपर्कात आलेल्यांसाठी केलेल्या पॅक्ट कायद्यावर सही झाली आणि बराच भार उतरला. २ ऑगस्ट १९९० किंवा त्यानंतर इराक, कुवेत, सौदी, बहारीन, कतार, ओमान, अमिराती किंवा सोमालियात, अथवा ११ सप्टेंबर २००१ किंवा त्यानंतर अफगाणिस्तान, जिबूती, इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन किंवा उझबेकिस्तानात तुम्ही होता, एवढं डीडी-२१४ (फौजेतून सुटल्याचा दाखला) किंवा तैनातीच्या कागदांवरून दिसलं की काही आजारांसाठी नेक्सस मागत नाहीत. जुना सायनुसायटिस (सायनसची सूज), जुना ऱ्हायनायटिस (नाकाच्या आतली सूज), नोकरीनंतर निदान झालेला दमा, क्रॉनिक ब्रॉन्कायटिस (श्वासनलिकांची जुनी सूज), सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुना आजार) हे सगळे त्या यादीत आहेत.

मात्र निदान तुमचं तुम्हालाच आणावं लागतं. इथे बरेच जण फसतात. ‘मला धुळीचा त्रास होतो’ हे निदान नव्हे. सायनससाठी ईएनटीकडून सीटी स्कॅन करून घ्या, दम्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची चाचणी, आणि ‘क्रॉनिक’, म्हणजे जुना, हा शब्द डॉक्टरांच्या कागदावर येऊ द्या. तुमची तैनाती या यादीबाहेरची असेल तर नेक्ससचं पत्र लागेल. त्यात ‘ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट’ हेच शब्द हवेत, म्हणजे शक्यता किमान निम्मी तरी आहे. ‘पॉसिबली’ लिहिलेलं पत्र कमजोर पडतं.

अर्ज भरायला वेळ लागणार असेल तर आधी २१-०९६६, म्हणजे इन्टेन्ट टू फाइल, टाकून द्या. त्या तारखेपासून एक वर्ष मिळतं आणि क्लेम मंजूर झाला तर पैसे साधारणपणे त्या तारखेपासून मोजतात. कागद गोळा होईपर्यंत थांबून मग अर्ज करणारे हकनाक महिन्यांचे पैसे घालवतात. मूळ अर्ज २१-५२६ ईझेड. बर्न पिटच्या रजिस्ट्रीत, म्हणजे धुराच्या संपर्कात आलेल्यांच्या नोंदवहीत, नाव आहे म्हणजे क्लेम झाला, असं समजून बसू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता टक्के कसे ठरतात ते. सायनसमध्ये मोजणी चालते ती वर्षभरातल्या झटक्यांची. डोकेदुखी, चेहऱ्याचं दुखणं, नाकातून पू किंवा खपल्या, असे तीन ते सहा झटके असतील तर १० टक्के, सहापेक्षा जास्त असतील तर ३०. डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहायला लावलेले आणि चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक चाललेले झटके वेगळे मोजतात: एक-दोन असतील तर १०, तीन किंवा जास्त असतील तर ३०. म्हणजे ‘नाक कायम चोंदलेलं असतं’ हे वाक्य खरं असूनही कामाचं नाही, कारण त्यात मोजण्यासारखं काही नाही.

माझी मोजणी निघाली स्वयंपाकघरात. बायको भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत सगळं टिपते: गॅसचं बिल, मुलाचा दंतवैद्य आणि मी कामावर गेलो नाही तो दिवस. ‘ह्याचं डोकं’, ‘पिवळं’, ‘अँटिबा. सुरू’. जुनी कॅलेंडरं तिने माळ्यावर ठेवलेली होती. २०२२ ची पानं उलटत पेन्सिलने खुणा करत गेलो, आठ झटके निघाले. त्यातल्या पाचांच्या तारखा अर्जंट केअरच्या कागदांशी जुळल्या. त्यावरून तिने २१-१०२१० या साक्षीच्या फॉर्मवर इंग्रजीत जबाब लिहिला: कोणत्या तारखेला काय पाहिलं, मी किती दिवस झोपून होतो. विशेषण एकही नाही. मी तो ‘सप्लिमेंटल क्लेम’ला, म्हणजे नव्या पुराव्यासह पुन्हा करायच्या अर्जाला (फॉर्म २०-०९९५), जोडला. निर्णयाच्या पत्रापासून वर्षाच्या आत गेलो, त्यामुळे मूळ तारीख टिकली. शून्याचे ३० झाले.

दम्याला औषध बघतात. इन्हेलर अधूनमधून लागत असेल तर १० टक्के, रोज लागत असेल किंवा सूज कमी करणारा स्टेरॉइडचा इन्हेलर असेल तर ३०. वर्षातून तीनदा किंवा जास्त वेळा तोंडावाटे स्टेरॉइडचा कोर्स झाला असेल तर ६०. फार्मसीतून रिफिलची यादी छापून घ्या, हा बिनभांडणाचा पुरावा. ऱ्हायनायटिससाठी नाकात पॉलिप, म्हणजे मऊ गाठी, असतील तर ३०, नसतील तर दोन्ही नाकपुड्या निम्म्याहून जास्त किंवा एक पूर्ण बंद असेल तर १०.

बेरीज मात्र शाळेतली नाही. माझे दम्याचे ३०, सायनसचे ३०, ऱ्हायनायटिसचे १०. पहिल्या ३० नंतर उरले ७०, त्याचे ३० टक्के २१, झाले ५१. उरलेल्या ४९ चे १० टक्के म्हणजे साधारण ५. एकूण ५६, जवळच्या दहावर नेऊन ६०. दमा आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) मात्र असे जोडत नाहीत, दोन्हींना मिळून एकच टक्केवारी मिळते. ते ऐकून माझा एक मित्र दोन दिवस बोलला नाही, जणू नियम मीच केला.

तपासणीला जाताना एक कागद खिशात ठेवा: मागच्या बारा महिन्यांतले झटके, तारखा, औषधं, बुडालेले दिवस. बरे दिवसही सांगा, वाईटही सांगा. फुगवू नका, फाईल त्यांच्यासमोर उघडी असते.

आणि पैसे घेऊन पहिला क्लेम भरून देणाऱ्यांपासून लांब राहा. मिळालेल्या रकमेतून इतके महिने आमचे, असं सांगणारे फोन येतात. पहिल्या अर्जाच्या कामाला फी लावण्याची कायद्याने परवानगीच नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटना किंवा तुमच्या काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर हे काम फुकट करतात.

तपासणीची वेळ ठरवणारा फोनही बऱ्याचदा अनोळखी नंबरवरूनच येतो. अर्ज टाकल्यावर ते महिने तेवढे फोन उचलत जा. तपासणी चुकली तर हातातल्या कागदांवरच निर्णय होऊ शकतो.