फिक्सी चालवताना पाय थांबवू नका, आणि बाकी चुका

लहानपणापासून आपली सवय काय, चार पायडलं मारायची आणि पाय सोडून द्यायचे, मागून टिकटिक टिकटिक येतं आणि सायकल आपली जाते. फिक्स्ड गिअर सायकलला, म्हणजे फिक्सीला, ती टिकटिकच नाही, कारण मागे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) नाही, कॉग म्हणजे मागचं दातेरी चक्र थेट हबवर, चाकाच्या मधल्या भागावर, आवळलेला, चाक फिरतंय तोवर पायडलं फिरणारच. हे डोक्याला लगेच कळतं, गुडघ्याला नाही. मी पहिल्याच दिवशी सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर सवयीने पायडलं आडवी धरून उभा राहायला गेलो तर खालून असा झटका बसला की मी हँडलवर आणि वॉचमनकाका खुर्चीतून उठलेले.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस रिकाम्या ग्राउंडवरच चालवा, स्पीडब्रेकर आला तरी पाय फिरते ठेवूनच सीटवरून जरासं उठायचं.

पुढचा ब्रेक काढू नका. दिसायला भारी दिसते मान्य आहे, पण पायांनी उलटा जोर लावून फक्त मागचं चाक स्लो होतं आणि थांबताना वजन सगळं पुढे जातं, मग मागचं घसरत बसतं. उतारावर तर बोलायलाच नको. 46-17 ला (पुढे 46 दाते, मागे 17) ताशी 30 किलोमीटरने पायडलांचे साधारण 88 फेरे पडतात मिनिटाला, 45 झाले की 130 च्या वर! पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना पाय चाकामागे धावायला लागले की उशीर झालेला असतो, ब्रेक आधीपासून हलका धरा.

वळणावर आतलं पायडल वर धरता येत नाही, त्यामुळे फार झुकू नका, घासतं.

आता आवाजाचं. उलटा जोर दिला की खट्ट होतंय? बहुतेक लॉकरिंग, म्हणजे कॉग जागेवर धरणारी रिंग, सैल झालीय. तिचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवली की आवळते, नेहमीसारखी उजवीकडे पिळत बसाल तर आणखी सैल कराल. चेनही बघा, मधोमध दाबून साधारण अर्धा इंच हलली पाहिजे, आणि क्रँक (पायडलाचा दांडा) फिरवत जिथे सगळ्यात टाइट लागते तिथे मोजा. फार ढिली असली तर चालत्यात उतरते आणि चाक जाम.

आणि सायकल उलटी करून, चाक गरागरा फिरवत फडक्याने चेन पुसू नका, फडकं अडकलं तर चाक थांबत नाही, बोट आत ओढतं. चाक थांबवा, पुसा, वीतभर सरकवा, परत पुसा.