लिमोनचेल्लो घरी करताय? आधी पाकाचं गणित मांडा

लिमोनचेल्लो म्हणजे लिंबाच्या सालीचं गोड इटालियन मद्य. त्याची 'जितकी वोडका, तितका पाक' असं लिहिलेली कृती दिसली की पान बंद करा. मी त्या वाक्यावर एकदा विश्वास ठेवला होता. मी राहते इटलीतल्या सालेर्नोला, पण पहिला लिमोनचेल्लो केला तो सुट्टीत पुण्याला, आईच्या स्वयंपाकघरात. पाहुणे जेवून उठले, मी ऐटीत फ्रीझरमधून बाटली काढली आणि आत बर्फाचा गोळा. बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. शेवटी चमच्याने खरवडून वाटीत वाढला आणि गोळेवाल्याकडचा गोळा म्हणून सगळ्यांनी कौतुकाने खाल्ला. तिथे का फसले ते पुढे सांगते. बाकीचं काम सोपं आहे.

साहित्य: ९६ टक्क्यांचं शुद्ध अल्कोहोल अर्धा लिटर, मोठी पिवळी लिंबं सहा-सात, पाणी ८५० मिली, साखर ४०० ग्रॅम.

इटलीत हे अल्कोहोल सुपरमार्केटमध्ये दारूच्या कपाटातच मिळतं. साफसफाईच्या कपाटातलं गुलाबी अल्कोहोल विषारी असतं, त्याला हात लावायचा नाही. भारतात हे मिळत नाही, म्हणून कुणी प्रयोगशाळेतलं किंवा कारखान्यातलं स्पिरिट आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. साधी, वास नसलेली वोडका घ्या.

लिंबं सोरेंतोची किंवा अमाल्फी किनाऱ्यावरची असली तर उत्तम. अमाल्फीचं 'स्फुझातो' लांबट, टोकदार, जाड सालीचं आणि तेलाने भरलेलं असतं. दुसरी कुठली घेतलीत तर पाटी वाचा. 'बुच्चा नोन एदीबिले' लिहिलं असेल तर ती साल खाण्याजोगी नाही, आणि आपल्याला सालच हवी आहे. आपलं कागदी लिंबू इथे उपयोगाचं नाही. इतक्या पातळ सालीतून हाती काही लागत नाही.

सोलणं: पीलरने फक्त पिवळी साल. खालचा पांढरा थर आला तर सुरीने खरवडून टाका, तो कडू असतो.

मुरवणं: साली आणि अल्कोहोल काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, अंधाऱ्या कपाटात. ९६ टक्क्यांत आठवडा पुरतो. साली फिकट पडल्या आणि वाकवल्यावर पापडासारख्या कटकन मोडल्या की त्यातलं तेल उतरलं. चाळीस दिवस, ऐंशी दिवस ही मिरवायची आकडेवारी आहे. माझ्या शेजारच्या आजी महिनाभर ठेवतात, आणि त्यांचा माझ्यापेक्षा कडू होतो (हे त्यांना मी सांगितलेलं नाही). वोडकेत मात्र तीन आठवडे द्या, तिच्यात तेल सावकाश उतरतं.

आता पाक. अर्ध्या लिटरमध्ये ९६ टक्के, म्हणजे ४८० मिली निव्वळ अल्कोहोल. चांगला लिमोनचेल्लो ३० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे सगळं मिळून १६०० मिली व्हायला हवं. ५०० अधिक पाणी ८५० झाले १३५०. उरलेले २५०? ते साखरेचे. साखर विरघळून नाहीशी होत नाही, १०० ग्रॅममागे साधारण ६० मिली जागा अडवते. बहुतेक कृती हे धरतच नाहीत.

माझी पुण्याची बाटली आता तपासा. ४२.८ टक्क्यांची ७५० मिली वोडका, म्हणजे ३२१ मिली अल्कोहोल. त्यात ७५० मिली पाक ओतला, उरले २१ टक्के. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश असतात. तिथे इतकं पातळ पेय गोठणारच. वोडकेच्या पूर्ण बाटलीला पाणी २५० मिली आणि साखर ३०० ग्रॅम, बस. २७ टक्के येतात आणि बाटली ओतता येते.

पाक उकळायचा नाही. हे लाडू नव्हेत, तार येऊ द्यायची नाही. पाणी कोमट करा, साखर विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवलात तर पाणी उडतं आणि वरचं सगळं गणित वाया. मग पूर्ण गार होऊ द्या, मी रात्रभर ठेवते. गरम पाक ओतलात तर अल्कोहोल वाफेने जातं, आणि ९६ टक्क्यांची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. गाळणं, ओतणं, सगळं पेटत्या शेगडीपासून लांब.

साली गाळून काढा आणि गार पाक ओता. पारदर्शक पिवळं पाणी डोळ्यांदेखत दुधाळ होईल. घाबरू नका. लिंबाचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बारीक थेंब होऊन बाहेर पडतं आणि उजेड अडवतं. मी पहिल्यांदा ते नासलं समजून दोनदा फडक्यातून गाळलं होतं. वोडकेचा इतका दुधाळ होत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बाटलीत भरा, आठवडाभर विसरा, मग फ्रीझर.

वाढताना पेलेही फ्रीझरमधले, इवलेसे. बर्फ घालायचा नाही. इटलीत लिमोनचेल्लो जेवणानंतरच्या कॉफीच्याही नंतर येतो, म्हणून त्याला 'अम्माझ्झाकाफे', म्हणजे कॉफीला मारणारा, म्हणतात. पास्त्याबरोबर पिणारे पर्यटक असतात.

उन्हाळ्यात संध्याकाळी स्प्रित्झ, म्हणजे फसफसणारं थंड मिश्रण: प्रोसेक्को (इटलीची फसफसणारी वाइन) तीन भाग, लिमोनचेल्लो दोन, सोडा एक, भरपूर बर्फ, पुदिन्याचं पान. इथे बर्फ चालतो. प्रोसेक्को महाग वाटली तर टॉनिक वॉटर; त्याचा कडवटपणा साखरेला आवरतो आणि मला खरं तर तेच जास्त आवडतं. लिंबाच्या आइस्क्रीमवर एक चमचा ओता, किंवा चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर, पण स्ट्रॉबेरीला वेगळी साखर लावू नका. नापोलीत स्पंजासारखा 'बाबा' केक यात भिजवतात. तो खाऊन लगेच स्कूटर चालवू नका. त्यात ओतलेलं अल्कोहोल तसंच असतं.