जुन्या कारखान्यातल्या दुकानसंकुलात समकालीन कला मांडताना

बंद पडलेल्या कारखान्याचा जीर्णोद्धार होऊन त्याचे दुकानसंकुल झाले की, तिथल्या उंच भिंती, छपराच्या लोखंडी कैच्या आणि लांबलचक दालने पाहून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला वाटते की, इथे काहीही मांडले तरी ते शोभून दिसेल. माझा अनुभव याच्या उलट आहे. उघडी वीट, यारीचे (क्रेनचे) जुने रूळ, दुकानांच्या उजळ पाट्या आणि सरकते जिने या सगळ्यांत चांगली कलाकृतीसुद्धा पाहता पाहता सजावट होऊन बसते. त्यामुळे या कामात शिरणाऱ्याने आपण कलाकृतीचे वकील आहोत, ही एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. इमारतीची बाजू सांभाळायला वारसा-जतनाचे नियम असतात आणि दुकानांची बाजू सांभाळायला भाडेकरार असतात. कलाकृतीच्या बाजूने बोलणारे मात्र बैठकीत बहुधा दुसरे कोणीही नसते.

अशा इमारतींत कलेला जागा देण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय कामाला हात घालू नये. पोलंडमधील वूच शहरात इझ्राएल पोझ्नान्स्की यांच्या एकोणिसाव्या शतकातील कापडगिरणीच्या आवारात 2006 साली मानुफाक्तुरा हे दुकानसंकुल सुरू झाले आणि 2008 साली त्याच आवारातील जुन्या विणकामशाळेत शहराच्या कलासंग्रहालयाने आपली शाखा उघडली. तिथे कलेला स्वतंत्र दार, स्वतःच्या भिंती आणि स्वतःची शिस्त आहे. त्याच देशातील पोझ्नान शहरात जुन्या मद्यनिर्मिती कारखान्यात 2003 साली उघडलेल्या स्तारी ब्रोवारमध्ये ग्राझिना कुल्चिक यांनी अर्धी कला आणि अर्धा व्यापार अशी कल्पना मांडली, आणि शिल्पे थेट ये-जा करण्याच्या वाटांवर आली. इंग्लंडमधील सॉल्टेअरच्या 1853 सालच्या गिरणीत आणखी वेगळा प्रकार दिसतो. 1987 साली जोनाथन सिल्व्हर यांनी ती बंद गिरणी विकत घेतली आणि तळमजल्यावरच्या दालनात डेव्हिड हॉक्नी यांची चित्रे लावली. त्याच दालनात पुस्तके आणि चित्रकलेचे साहित्य विकायलाही ठेवले. तिथे खरेदी आणि पाहणे यांच्यात भिंत नाही, तरीही चित्रांचा मान कमी झालेला नाही. याचे कारण मला असे वाटते की, तिथे विकली जाणारी वस्तू आणि भिंतीवरचे चित्र यांचे नाते जुळते, आणि चित्रकार शेजारच्याच ब्रॅडफर्डचा असल्यामुळे त्या गिरणीशीही ते जुळते. आपल्याला दिलेली जागा या तीन तऱ्हांपैकी कोणत्या तऱ्हेची आहे, हे पहिल्या बैठकीतच विचारून घ्यावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावरून ठरतात.

त्यानंतरचे काम म्हणजे इमारत वाचणे, आणि इथे घाई अजिबात करू नये. कारखान्याची जमीन यंत्रांचे वजन पेलण्यासाठी बांधलेली असल्याने ती भक्कमच असणार, असे गृहीत धरले जाते. ते अंशतः खरे आहे. मात्र जीर्णोद्धाराच्या वेळी घातलेले मधले मजले, पूल आणि काचेच्या जमिनी नव्या असतात आणि त्यांची क्षमता वेगळी असते. शिवाय सगळीकडे पसरलेला भार आणि चार बारीक पायांवर उतरणारा भार यांत मोठा फरक आहे. एखादे कांस्यशिल्प एकूण वजनाच्या मर्यादेत बसत असले, तरी त्याचा एक पाय फरशीखालच्या पोकळ वाहिनीवर येऊ शकतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी मान्यता घ्यावी आणि ती घेताना केवळ वजन न सांगता शिल्पाच्या पायथ्याचे मापासहित रेखाटनही द्यावे.

खांबांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जुन्या गिरण्यांचे खांब बहुधा ओतीव लोखंडाचे असतात. हे लोखंड वरून येणारा दाब उत्तम सोसते, पण ताण आणि धक्का सोसण्यात ते कमकुवत असते. ते वाकत नाही, तडकते. त्यात भोक पाडणे किंवा त्याला वेल्डिंग करणे हा विचारही मनात आणू नये. आम्ही अशा खांबाभोवती दोन अर्धगोल पोलादी पट्ट्या बसवतो, आतून जाड नमदा किंवा रबर लावतो आणि बोल्ट हाताने, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे आवळतो. आवळताना रबर कडेने किंचित फुगून बाहेर आले की थांबायचे. खांबावरचा जुना रंग शाबूत राहतो आणि पट्टी काढल्यावर मागे खूण उरत नाही. भिंतीच्या बाबतीतही असेच धोरण ठेवावे. भोक पाडण्याची परवानगी असेल, तर ते विटेत न पाडता दोन विटांमधल्या चुन्याच्या दर्जेत पाडावे. दर्ज पुन्हा भरता येते, फुटलेली वीट पुन्हा मिळत नाही.

भिंतीला लोणा लागलेला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर भिंतीत ओल आहे आणि क्षार पृष्ठभागावर येत आहेत, असे समजावे. अशा भिंतीला कॅनव्हास कधीही टेकवू नये. मागे काही सेंटिमीटर हवा खेळती राहील अशी चौकट आधी बसवावी. सिमेंटचा गिलावा करून लोणा झाकू असे कोणी सुचवले, तर ठामपणे नकार द्यावा, कारण ओल आत कोंडली जाते आणि दुसरीकडून बाहेर पडते.

उजेडाचा हिशेब तर नव्यांना कोणी शिकवतच नाही, असे मला वारंवार दिसले आहे. कागदावरील चित्रे, छायाचित्रे आणि कापड यांच्यासाठी सुमारे 50 लक्स, तर तैलचित्रांसाठी सुमारे 200 लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) ही संग्रहालयांतील रूढ मर्यादा आहे. मात्र प्रकाशाने होणारी हानी साठत जाते, म्हणजे उजेडाची तीव्रता आणि उजेडाचे तास यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. संग्रहालय आठवड्यातून सहा दिवस, रोज आठ तास उघडे असेल, तर आठवड्याचे 48 तास होतात. दुकानसंकुल रोज बारा तास, सातही दिवस चालते, म्हणजे 84 तास झाले, आणि त्यात रात्रीच्या साफसफाईचे दिवे मोजलेले नाहीत. तेव्हा तेच 50 लक्स इथे जवळजवळ पावणेदोन पट हानी करतात. काचेच्या छताखालच्या चौकात तर भर दुपारी उजेड हजारो लक्सपर्यंत जातो. अशा ठिकाणी कागद नको, दगड, धातू, काच, चिनी माती यांचाच विचार करावा. जुन्या विणकामशाळांची करवती, म्हणजे करवतीच्या दातांसारखी, छपरे मात्र या कामाला वरदान ठरतात. उत्तर गोलार्धात त्यांच्या काचा उत्तरेला तोंड करून बसवलेल्या असतात, जेणेकरून विणकरांना सावली न पाडणारा सारखा उजेड मिळावा. शिल्पालाही नेमका तोच उजेड हवा असतो. जीर्णोद्धारात त्या काचा बुजवल्या असतील, तर त्या पुन्हा उघडण्याविषयी वास्तुविशारदाशी जरूर बोलावे.

हवेची स्थिती याहून अवघड असते. सतत उघडणारी दारे, खाद्यदालनातून येणारी तेलाची वाफ आणि गर्दीच्या दिवशी वाढणारी आर्द्रता यांवर आपला ताबा नसतो. लाकडी पाटावरची चित्रे किंवा पातळ थरांची कामे अशा मोकळ्या जागेत ठेवण्याचा आग्रह कलावंताने धरला, तरी त्याला वस्तुस्थिती समजावून सांगावी किंवा बंद पेटीचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

आता पाहणाऱ्याविषयी. संग्रहालयात माणूस पाहण्यासाठी येतो. इथे तो चपला बदलून घ्यायला किंवा मुलाला खाऊ घ्यायला आलेला असतो आणि कलाकृती त्याच्या वाटेत येते. पुष्कळ जण याला उणेपणा मानतात. मला ही या जागेची सर्वांत मोलाची देणगी वाटते, कारण कलादालनाच्या दारात ज्यांना संकोच वाटतो, ती माणसे इथे कोणालाही न विचारता थांबतात. एका मोठ्या लोंबत्या वस्त्रकृतीखाली मी असे थांबणे बराच वेळ पाहिले आहे. खाली जाताना माणसे फोनमध्ये असत. वर येताना मात्र सरकत्या जिन्यावर मान आपोआप उचलली जाई, आणि कृतीचा खालचा काठ डोळ्यांच्या पातळीला येताच बोलणे मध्येच थांबे. वरच्या टोकाला पोहोचलेल्या एक बाई हातातल्या पिशव्या कठड्याला टेकवून मागे वळल्या आणि कापडाची शिवण कुठे आहे ते शोधत राहिल्या. त्यानंतर मी प्रत्येक मांडणीचा आराखडा जमिनीवरून न पाहता सरकत्या जिन्यावरून वर जाणाऱ्याच्या नजरेने तपासू लागलो. नव्यांनीही एक पूर्ण दिवस, सकाळपासून बंद होईपर्यंत, काहीही न मांडता केवळ लोक कुठे मंदावतात, कुठे वळतात आणि कुठे पाठ फिरवतात हे नकाशावर टिपावे. माहितीफलक तिथे लावावा, जिथे माणूस थांबल्याने मागच्याची वाट अडत नाही.

करारात काय हवे, याबाबत संकोच करू नये. कलाकृतीपासून ठरावीक अंतरात जाहिरातफलक, सवलतीचे झेंडे किंवा विक्रीची टेबले येणार नाहीत, हे लेखी असावे. ध्वनी असलेल्या कृतीसाठी त्या भागातले पार्श्वसंगीत बंद ठेवता येईल का, हे ध्वनियंत्रणेच्या तंत्रज्ञाला प्रत्यक्ष दाखवायला सांगावे, कारण व्यवस्थापन होकार देते आणि नंतर समजते की सगळ्या मजल्यांची तार एकच आहे. सणासुदीच्या सजावटीच्या काळात कृती हलवली किंवा झाकली जाणार नाही, हेही लिहून घ्यावे. दुकानदार अनेकदा तक्रार करतात की, शिल्पामुळे त्यांची पाटी झाकली जाते. ती तक्रार ऐकून घ्यावी, मान्यतेपूर्वी त्यांच्या दारात उभे राहून पाहावे, आणि गरज पडल्यास जागा बदलावी. कृतीचा काही भाग कापणे किंवा तिची उंची कमी करणे हा मात्र तडजोडीचा विषय नाही. कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या कृतीत फेरफार करू नये. त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या फेरफाराला विरोध करण्याचा त्याचा हक्क बर्न कराराच्या, म्हणजे लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम 6 bis मध्येही नोंदलेला आहे.

आगसुरक्षेचे नियम वाटाघाटीबाहेरचे असतात आणि तसेच असायला हवेत. सुटकेचे मार्ग मोकळे ठेवावेत, आग लागल्यास पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाखाली साधारण अर्धा मीटर जागा रिकामी राहावी, लोंबत्या कापडामुळे धूर बाहेर काढणारे झरोके, बाहेर पडण्याच्या खुणा आणि कॅमेऱ्यांची नजर अडू नये. कापडाला अग्निरोधक प्रक्रिया करायची असेल, तर आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून पाहावी, कारण काही रंग त्याने बदलतात.

प्रत्यक्ष मांडणी बहुतेक वेळा दुकाने बंद झाल्यावर, रात्री होते. परांची किंवा लिफ्ट आत येण्याची वाट, मालवाहू लिफ्टच्या दाराची रुंदी आणि पेटीचे कर्णमाप या तीन गोष्टी आदल्या आठवड्यात स्वतः मोजाव्यात. कलाकृती पेटीतून काढल्याबरोबर तिच्या प्रत्येक बाजूची छायाचित्रांसह स्थितीनोंद करावी. पुढे काही ओरखडा दिसला, तर तो प्रवासात पडला की इथे, हे सांगणारा दुसरा पुरावा नसतो आणि विम्याचा दावा याच नोंदीवर उभा राहतो. सफाई कर्मचाऱ्यांशी पहिल्याच रात्री बोलावे. कोणता पृष्ठभाग कोरड्या कापडानेही पुसायचा नाही, हे त्यांना कृतीसमोर उभे राहून सांगितले, तर ते कुठल्याही पहारेकऱ्यापेक्षा जास्त काळजी घेतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

कलेचा इतिहास शिकून या कामाकडे वळणाऱ्यांनी वास्तूचे नकाशे वाचायला शिकावे आणि एखाद्या मांडणी-तंत्रज्ञाच्या हाताखाली काही महिने काढावेत. वास्तुविद्येकडून येणाऱ्यांनी कलावंतांच्या कार्यशाळांत वेळ घालवावा. पहिला करार हातात आला की, त्यात उद्घाटनाच्या तारखेसोबत उतरवणीच्या रात्रीही लिहून घ्याव्यात, आणि विटांमधल्या दर्जा चुन्याने भरून भिंत पूर्ववत करण्यासाठी उतरवणीनंतरचे दोन दिवस राखून ठेवावेत, कारण नव्या भाडेकरूचे सामान त्या दिवसापर्यंत दारात येऊन उभे असते.