मुलांच्या झोपेबाबत या चुका टाळा

परीक्षेचे वेळापत्रक हाती पडले की पहिली कात्री झोपेला लागते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, हे ऐकून पालक मान डोलावतात आणि त्याच रात्री पहाटे चारचा गजर लावतात. तेरा वर्षांपुढचे मूल रात्री आठला अंथरुणावर पडणार असेल तर त्याला खुशाल चारला उठवावे. मात्र वयात येताना शरीरात मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारे संप्रेरक उशिरा स्रवू लागते, त्यामुळे दहावीच्या मुलाला अकराच्या आत झोप न येणे हा निव्वळ हट्ट नसतो. अशा मुलाला चारला उठवले की वाचलेले डोक्यात पक्के करणारी झोपच आपण तोडतो.

मी ज्या वसतिगृहाचा अधीक्षक आहे, तेथील बारावीच्या एका मुलाने भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री कॉफीवर कॉफी रिचवत वर्षभराच्या वह्या चाळल्या. पहाटे त्याला सूत्रे धडाधड म्हणता येत होती. परीक्षेत मात्र पहिल्याच गणितात सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले आणि एक उदाहरण त्याने दोनदा सोडवले. दुपारी जेवून झोप काढल्यावर तीच प्रश्नपत्रिका त्याने माझ्यासमोर बसून बिनचूक सोडवली. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरू शकतो, म्हणून दुपारी चारनंतर आमच्या मेसमध्ये चहा मिळत नाही. त्यावरून मुले मला जे म्हणतात ते येथे लिहिण्याजोगे नाही.

‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ हा समज तर मला सर्वांत घातक वाटतो. टॉन्सिल किंवा नाकामागील अॅडेनॉइड वाढले की झोपेत श्वास अडतो आणि झोप वारंवार मोडते. अशी मोठी माणसे दिवसा पेंगतात, पण लहान मूल अनेकदा उलट चिडचिडे व चुळबुळे होते, आणि मग शाळेत त्याच्यावर मस्तीखोर असा शिक्का बसतो. सर्दी नसताना मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. जाण्याआधी झोपेतील श्वासाचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून न्यावे, असे मी पालकांना आवर्जून सांगतो, कारण दवाखान्यात मूल घोरून दाखवत नाही.

झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठले आणि आपल्याला ओळखत नसेल, तर त्याला गदागदा हलवून जागे करू नये. जवळ बसून राहावे. मोबाइल उशाशी नव्हे, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. मेलाटोनिनच्या गोड गोळ्या डॉक्टरांना न विचारता मागवणाऱ्यांविषयी मी न बोललेलेच बरे.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरवले, ते मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. काही घरांनी त्याचा अर्थ रात्री अकरापर्यंत टीव्ही पाहण्याची मुभा असा लावला आहे.

बिघडलेले वेळापत्रक एका रात्रीत सुधारू पाहणारे पालक तिसऱ्या दिवशी हात टेकतात. आधी उठण्याची वेळ पक्की करावी, रविवारीही ती तासाभरापेक्षा अधिक पुढे सरकू देऊ नये, आणि झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी.