दहावीत विषय गेला? आधी मार्कशीट घेऊन बसा, मग शेताचं बघू

आमच्या चोपड्याकडे दहावीचा रिझल्ट आणि बागायती कापसाची लागवड जवळजवळ सोबतच येते, आणि घोळ तिथेच होतो. पोरगं नापास झालं की बाप म्हणतो चल वावरात, आणि ते लागवडीत गुंतलं की सप्लिमेंटरीच्या फॉर्मची तारीख निघून जाते. माझ्या चुलतभावाचं असंच झालं, एका गणितापायी आख्खं वर्ष गेलं. म्हणून रिझल्टच्या दिवशी रडून झालं की मार्कशीट घ्या आणि किती विषय राहिले ते मोजा, पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

एक किंवा दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटी मिळते, म्हणजे अकरावीला अॅडमिशन घेता येते, फक्त अकरावी संपेपर्यंत ते विषय काढावे लागतात नाहीतर बारावीला जाता येत नाही. पण एटीकेटी आहे ना म्हणून निवांत बसू नका, त्याच वर्षी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, फॉर्म आपल्याच शाळेतून भरायचा, सरांना रोज विचारत राहा. दोन-चार मार्कांनीच गेलं असेल तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, कारण ती घेतल्याशिवाय पेपर पुन्हा तपासून मिळत नाही. आणि झेरॉक्सची वाट बघत पुरवणीचा फॉर्म थांबवू नका, दोन्ही सोबत चालू द्या.

जास्त करून पोरं गणितातच अडकतात. मी संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना घेऊन बसते तेव्हा पहिल्या दिवशी पुस्तक उघडतच नाही, पाढे, अपूर्णांक आणि अधिक-उणे चिन्हांची बेरीज बघते, कारण खरी गळती सहावी-सातवीत झालेली असते आणि पोरगं लाजेने बोलत नाही. ते आठ-दहा दिवसांत बऱ्यापैकी सुधारतं. मग बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि सांख्यिकी, भूमितीत भौमितिक रचना आणि पायथागोरस, एवढं पक्कं करून घ्यायचं. दोन्ही पेपर 40-40 चे, अंतर्गत 20, आणि पासिंगला 35 लागतात. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, नुसते वाचून काही होत नाही.

तीन-चार विषय गेले असतील तर पुरवणी आहेच, पण एनआयओएसचाही विचार करा. हे केंद्र सरकारचं ओपन स्कूल, 1989 पासूनचं, मराठीतून दहावी देता येते, पाच विषय पास करायचे, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि 5 वर्षांत 9 संधी. आपल्या बोर्डात जे निघालेत त्यातले दोन विषयांपर्यंत तिकडे धरून घेतात. गणित घ्यायलाच पाहिजे असं तिथे नाही, पण पुढे पॉलिटेक्निक करायचं असेल तर गणित-विज्ञान सोडू नका. आणि भाऊ, 'गॅरंटीने पास करून देतो, परीक्षेला यायची पण गरज नाही' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, तसली मार्कशीट पुढे भरतीत अडकते आणि पोराचं आयुष्य खराब होतं.

हाताला काम लवकर लागावं असं असेल तर आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवर पण मिळतात. त्यात कमीपणा काही नाही.

राहिली ती पोरं ज्यांची शाळाच सुटली, धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातला जाणाऱ्या घरांतली, किंवा लग्न करून दिलेल्या पोरी. त्यांच्यासाठी 17 नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची दहावी. वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी पास पाहिजे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, खान्देशातले तिन्ही जिल्हे नाशिक बोर्डात येतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो लागतात. दाखला हरवला असेल तर डुप्लिकेट आणि प्रतिज्ञापत्र लागतं, त्यासाठी जुन्या शाळेत अर्ज आजच देऊन या, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात.